कॅलगरी ते मिसिसागा: ऑनलाइन कॅसिनो निवडताना एका मराठी घराने केलेली तुलना

पार्श्वभूमी

गृहस्थ चौतिशीतला, मूळचा सांगली जिल्ह्यातला, सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारा. पत्नी एका कंपनीत अकाउंट्स सांभाळते. करापूर्वीचं दोघांचं मिळून उत्पन्न महिना साधारण १२,००० डॉलर. या लेखातल्या सगळ्या रकमा कॅनडियन डॉलरमध्ये आहेत आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

२०२३ मध्ये अल्बर्टा प्रांतातल्या कॅलगरीत असताना त्याने व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलेल्या रेफरल लिंकवरून एका ऑनलाइन कॅसिनोत खातं उघडलं. साइटच्या तळाशी कुरासाओ या कॅरिबियन बेटाचा परवाना, वर कॅनडाचा झेंडा. शनिवारी रात्री तासभर स्लॉट (फिरत्या चित्रांचा खेळ), कधी ब्लॅकजॅक (पत्त्यांचा). ऑगस्ट २०२४ मध्ये खात्यात १,९४० डॉलर होते, कुठलाही बोनस अडकलेला नव्हता आणि सप्टेंबरमध्ये ऑफिसने ओंटारिओ प्रांतातल्या मिसिसागाला बदली दिली.

पुढचं सगळं या एका बदलीवरून घडलं. 'कॅनडातला ऑनलाइन कॅसिनो' असं जाहिरातीत म्हणतात, पण कायद्यात तसं काही एकसंध नाही. फौजदारी संहितेच्या कलम २०७ प्रमाणे असे खेळ चालवण्याचा अधिकार प्रांतांकडे आहे आणि प्रत्येक प्रांताने आपापली चूल मांडली आहे. ब्रिटिश कोलंबियाचं प्लेनाऊ हे सरकारी संकेतस्थळ मॅनिटोबा आणि सास्कॅचेवानमध्येही चालतं. क्वेबेकमध्ये लोटो-क्वेबेकची साइट. अल्बर्टात तेव्हा प्ले अल्बर्टा ही एकच अधिकृत साइट होती. खासगी कंपन्यांना वाट देणारा कायदा तिथे २०२५ मध्ये झाला. ओंटारिओने मात्र ४ एप्रिल २०२२ पासून खासगी कंपन्यांना बाजार खुला केला. तिथे अल्कोहोल अँड गेमिंग कमिशन ऑफ ओंटारिओ, म्हणजे एजीसीओ, कंपन्यांची नोंदणी करतं आणि आयगेमिंग ओंटारिओ ही संस्था त्यांच्याशी करार करते. ओएलजी, म्हणजे प्रांताच्या ओंटारिओ लॉटरी अँड गेमिंग कॉर्पोरेशनची, सरकारी साइट वेगळी. वयाची अटही प्रांतागणिक बदलते: अल्बर्टा, मॅनिटोबा आणि क्वेबेकमध्ये १८, बाकी ठिकाणी १९.

अडचण कुठे झाली

बदलीच्या तीन आठवडे आधी त्याने पूर्ण १,९४० काढण्याची विनंती टाकली. हाताशी वेळ होता. पण त्या साइटवर विनंती ७२ तास 'प्रलंबित' राहायची आणि तोवर तिच्याशेजारी 'रद्द करा' असं ठळक बटण दिसायचं. दुसऱ्या रात्री त्याने ६०० डॉलरपुरती विनंती रद्द केली आणि ते तासाभरात स्लॉटमध्ये गेले. उरले १,३४०.

हे बटण तिथे चुकून राहिलेलं नसतं. काढलेले पैसे पुन्हा खेळात यावेत याच हिशोबाने ते ठेवलेलं असतं. साइट निवडताना विचारायचा पहिला प्रश्न हाच: काढण्याची विनंती टाकल्यावर ती मला मागे घेता येते का? येत असेल तर ती सोय नव्हे, गळ आहे.

१,३४० ची विनंती पुन्हा टाकली तेव्हा ओळखपत्रं मागितली आणि ती नाकारली. कारण आपल्या नावांच्या पद्धतीत होतं. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन नावं, 'सरनेम'मध्ये आडनाव. अल्बर्टाच्या लायसन्सवरही तिन्ही. कॅसिनोच्या खात्यावर आणि बँकेच्या इंटरॅक (ईमेलच्या पत्त्यावर पैसे पाठवण्याची कॅनडातली सोय) नोंदीवर मात्र फक्त नाव आणि आडनाव. तपासणाऱ्याच्या लेखी ही दोन वेगळी माणसं. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे आणि पूर्ण नाव एकाच रकान्यात कोंबलेलं आहे, त्यांचे हाल याहून जास्त.

कागदांची ही ये-जा चालू असताना घर हललं. मिसिसागाहून लॉगिन केल्यावर पडद्यावर एकच ओळ: तुमच्या प्रदेशात ही सेवा उपलब्ध नाही. अनोंदणीकृत साइटपैकी अनेकांनी ओंटारिओ आपल्या बंद प्रदेशांच्या यादीत टाकलेला आहे, कारण तिथे एजीसीओने ३१ ऑक्टोबर २०२२ ची मुदत घालून नोंदणीकृत कंपन्यांना अनियंत्रित बाजारातून बाहेर पडायला लावलं आणि गेम पुरवणाऱ्यांनाही तोच नियम लागू झाला. कॅलगरीत चालणारं खातं असं विमानप्रवासात बंद पडलं, आत १,३४० डॉलर ठेवून.

अडकलेल्या पैशांसाठी समोर असलेल्या वाटा

पहिली वाट मित्राने सुचवली: व्हीपीएन लावून कॅलगरीत असल्याचं दाखव. सर्वांत सोपी आणि सर्वांत वाईट. व्हीपीएन वापरल्यास शिल्लक जप्त करू, असं कलम बहुतेक साइटच्या अटींत असतं. ज्याच्याकडे आपले पैसे अडकलेत त्याच्याच हातात ते न देण्याचं कारण द्यायचं.

दुसरी, बँकेकडून भरणा उलटवणं. भरणा जवळजवळ सगळा इंटरॅक ई-ट्रान्सफरने झाला होता, आणि जमा झालेली ई-ट्रान्सफर पाठवणाऱ्याला परत ओढता येत नाही. शिवाय अडकलेली रक्कम भरण्याची नव्हतीच, जिंकून झालेल्या शिलकीची होती. बँकेला त्यात काही करता येण्यासारखं नव्हतं.

तिसरी, सरळ लिहिणं. पत्नीने ही धरली. चॅटवर भांडणं बंद केलं, कारण चॅटवाला छापील उत्तरं देतो आणि कागद मागे राहत नाही. तक्रार विभागाला एकच ईमेल गेला. त्यात खात्याचा क्रमांक, सर्व भरणा आणि विनंतीच्या तारखा, बदलीची तारीख आणि भाडेकराराचं पहिलं पान, आणि मागणी एका वाक्यात: खातं कायमचं बंद करा आणि शिल्लक ज्या इंटरॅक ईमेलवरून भरणा झाला त्याच ईमेलवर पाठवा. नावाच्या गोंधळासाठी पासपोर्ट, लायसन्स आणि बँक स्टेटमेंटचं वरचं पान असे तीन कागद एकाच पीडीएफमध्ये, सोबत चार ओळींचा खुलासा की मधलं नाव वडिलांचं आहे. तीन फायली वेगवेगळ्या पाठवल्या की तीन वेगवेगळी माणसं त्या बघतात आणि तिघंही नाकारतात. म्हणून एक पीडीएफ.

नवव्या दिवशी उत्तर आलं. साइटची आठवड्याची मर्यादा ५०० डॉलर होती, त्यामुळे पैसे ५००, ५०० आणि ३४० असे तीन हप्त्यांत आले. नोव्हेंबर उजाडला. बोनस चालू असता तर ही गोष्ट अशी संपली नसती, कारण मग 'बोनसच्या अटी मोडल्या' हे कारण हाताशी असतं.

नव्या साइटची तुलना

यानंतर 'आता खेळायचंच नाही' हा पर्यायही घरात बोलला गेला. पत्नीचं म्हणणं वेगळं होतं: "खेळणारच असशील तर चोरून नको, पण आधी आकडे माझ्यासमोर मांड." म्हणून एक्सेल उघडलं.

सुरुवात त्यांनीही सगळ्यांसारखीच केली, 'कॅनडातले सर्वोत्तम १० कॅसिनो' अशा याद्यांपासून. इथे एक गोष्ट कळायला त्यांना वेळ लागला. या याद्या बहुधा कमिशनवर चालतात. लिंकवरून आलेल्या खेळाडूमागे ठरावीक रक्कम, नाहीतर त्याच्या तोट्यात टक्का. पण ओंटारिओत आणखी एक पेच आहे. एजीसीओच्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत कंपनीला बोनसची जाहीर जाहिरात करता येत नाही. बोनस तिला फक्त स्वतःच्या साइटवर किंवा खेळाडूने संमती दिली असेल तर थेट संदेशातून सांगता येतो. त्यामुळे यादीत नियम पाळणारी साइट फिकी दिसते आणि 'दोनशे टक्के बोनस, अडीचशे फ्री स्पिन' असं ओरडणारी वर असते. ओंटारिओच्या वाचकाने यादीतली चमक उलटी वाचावी.

त्यामुळे पहिली चाळणी अशी: यादी बंद, आयगेमिंग ओंटारिओच्या संकेतस्थळावरची नोंदणीकृत साइटची सूची उघडी. नाव आणि वेब-पत्ता दोन्ही अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत, कारण एकाच ब्रँडची एक साइट ओंटारिओसाठी आणि दुसरी उरलेल्या कॅनडासाठी असते. काहनावाके गेमिंग कमिशनचा परवाना असलेली एक साइट त्यांना आवडली होती. ते कमिशन माँट्रियलजवळच्या मोहॉक भूमीवर १९९६ पासून आहे, नावाजलेलंही आहे. पण ती साइट ओंटारिओच्या सूचीत नव्हती, म्हणजे वाद झाल्यास ओंटारिओतली दाद मागण्याची वाट बंद. ती गळाली. उरल्या तीन: ओएलजीची साइट आणि दोन खासगी, त्यांना इथे 'अ' आणि 'ब' म्हणू.

बोनसचा हिशोब पत्नीने केला, आणि तो मुद्दाम पूर्ण देतो. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या परदेशी साइटची ऑफर: २०० टक्के बोनस, भरणा आणि बोनस मिळून ३५ पट खेळायचं, मगच पैसे काढता येणार. २०० डॉलर भरले की बोनस ४००, एकूण ६००. ६०० गुणिले ३५ म्हणजे २१,००० डॉलरच्या पैजा. स्लॉटचा परतावा ९६ टक्के (म्हणजे लावलेल्या शंभरातले सरासरी ९६ परत) धरला तर सरासरी तोटा ८४० डॉलर. खिशात आहेत ६००. म्हणजे सरासरी माणूस अट पूर्ण होण्याआधीच रिकामा होतो. एका डॉलरची एक फिरकी धरली तर २१,००० फिरक्या. पाच सेकंदाला एक या वेगाने २९ तास.

साइट 'अ'ची ऑफर दिसायला भिकार: १०० वर १०० बोनस, फक्त बोनसच्या २० पट. पैजा २,००० च्या, ९६ टक्क्यांच्या गेमवर सरासरी तोटा ८०, बोनस १००. वीस डॉलर आपल्या बाजूने. पण गेम ९४ टक्क्यांचा निघाला तर तोटा १२० आणि वीस डॉलर त्यांच्या बाजूने. ब्लॅकजॅक खेळून अट फेडू म्हटलं तर ब्लॅकजॅकची पैज अटीत १० टक्केच मोजली जाते, म्हणजे पैजा २०,००० च्या. नीट पद्धतशीर खेळलं तरी 'घराचा', म्हणजे कॅसिनोचा, वाटा अर्धा टक्का, तोटा १००. बोनस तेवढ्यास तेवढा जातो आणि वर कित्येक शनिवार.

यातूनच परताव्याचा रकाना आला. स्लॉटचं नाव एक असलं तरी आतला परतावा एक नसतो. प्लेन गो कंपनीचा 'बुक ऑफ डेड' ९६.२१ टक्क्यांच्या आवृत्तीत मिळतो, तसाच ९४.२५ आणि ९१.२५ च्याही, कुठली लावायची ते कॅसिनो ठरवतो. हजार डॉलरच्या पैजांमागे पहिल्यात सरासरी ३७.९० जातात, शेवटच्यात ८७.५०. चित्रं तीच, संगीत तेच. आकडा पाहायचा तो गेम उघडून, माहितीच्या खुणेवर जाऊन, नियमांच्या शेवटच्या पानांवर. साइटच्या जाहिरातीतला 'सरासरी परतावा' कामाचा नाही. टेबलांवरही पाटी वाचावी लागते: एका शून्याच्या रुलेटमध्ये (चाक आणि गोटीचा खेळ) घराचा वाटा २.७० टक्के, दोन शून्यांच्या रुलेटमध्ये ५.२६. ब्लॅकजॅक लागल्यावर ३:२ ऐवजी ६:५ या दराने पैसे दिले तर घराचा वाटा सुमारे १.४ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे तीन-चारपट होतो.

बाकीचे रकाने पटकन भरले. खातं कॅनडियन डॉलरमध्येच हवं, नाहीतर येताजाता चलनबदलाचा भुर्दंड. क्रेडिट कार्ड नको. बऱ्याच बँका कॅसिनोचा भरणा रोख उचल म्हणून धरतात, तिच्यावर शुल्कही आणि पहिल्या दिवसापासून व्याजही. जुन्या साइटवर त्याने १०० डॉलर कार्डाने भरले होते, ते स्टेटमेंटवर पाहून पत्नी काय म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

प्रत्यक्ष चाचणी

तिन्हीकडे खातं उघडताना नाव पासपोर्टप्रमाणे तिन्ही शब्दांत, पत्ता नव्या ओंटारिओ लायसन्सप्रमाणे. (दुसऱ्या प्रांतातून आलेल्याला जुनं लायसन्स ओंटारिओत ६० दिवसच चालतं, ते आधीच बदलून घेतलं होतं.) मग प्रत्येकी २० डॉलर इंटरॅकने भरले, बोनसची खूण काढून टाकली, आणि तेवढ्याच रकमेच्या छोट्या पैजा लावून उरलेलं काढायला टाकलं. भरणा एकदा तरी खेळल्याशिवाय पैसे काढू देत नाहीत, ही मनी लाँडरिंग रोखण्याची अट बऱ्याच ठिकाणी असते. त्यामुळे चाचणीचा सरासरी खर्च साइटमागे ऐंशी सेंट.

साइट 'अ' वर पैसे दोन तासांत आले. ओएलजीकडून दुसऱ्या कामाच्या दिवशी. 'ब' वर लोकेशनचीच अडचण झाली. तो ऑफिसच्या लॅपटॉपवरून बसला होता आणि कंपनीचं व्हीपीएन त्याला अमेरिकेत असल्याचं दाखवत होतं. साइटने खातं तपासणीला टाकलं. चूक त्याची, पण सुटायला चार दिवस लागले. खेळाडू प्रत्यक्ष ओंटारिओच्या हद्दीत असणं ही कायद्याचीच अट आहे, तेव्हा स्वतःचा फोन, लोकेशन चालू आणि व्हीपीएन बंद, एवढं पाळलं की हा ताप होत नाही.

मर्यादा ठरवणं, आणि इथे झालेली चूक

कॅनडातल्या व्यसनविषयक राष्ट्रीय केंद्राची कमी धोक्याच्या जुगारासाठी तीन सूत्रं आहेत: घराच्या करापूर्वीच्या मासिक उत्पन्नाच्या १ टक्क्याहून जास्त नको, महिन्यात ४ दिवसांहून जास्त नको, आणि नियमित खेळ २ प्रकारांहून जास्त नकोत. या घराचा १ टक्का म्हणजे १२० डॉलर. त्याने तिन्ही साइटवर महिन्याची भरणा-मर्यादा १२० टाकली.

पहिल्या महिन्यातच भरणा २१० झाला. मर्यादा खात्यापुरती असते. एका साइटला दुसरीचा पत्ता नसतो. तीन खाती म्हणजे ३६० ची मर्यादा, हे अकाउंट्सवालीच्याही नजरेतून सुटलं होतं. दुसरी बारीक गोष्ट: भरणा-मर्यादा जिंकलेले पैसे पुन्हा लावण्याला अडवत नाही. त्यासाठी तोटा-मर्यादा वेगळी लावावी लागते. डिसेंबरमध्ये 'ब' आणि ओएलजीची खाती बंद केली, 'अ' वर भरणा १२०, तोटा १००, आणि एका बैठकीला ६० मिनिटं.

ओंटारिओच्या नियमांत मर्यादा कमी केली तर लगेच लागू होते; वाढवायची तर किमान २४ तास थांबावं लागतं. एका शनिवारी हरल्यावर त्याने ३०० ची विनंती टाकली. रविवारी रात्री अॅपने विचारलं, नक्की करू का? त्याने उत्तर दिलं नाही.

परिणाम

डिसेंबर ते मे या सहा महिन्यांत भरले ६९०, काढले ४१५. निव्वळ तोटा २७५. खात्याच्या इतिहासात एकूण पैजा ७,१८० डॉलरच्या, म्हणजे तोटा ३.८ टक्के, जवळपास गणिताने सांगितला तेवढाच. याच पैजा ९१.२५ च्या आवृत्तीवर लावल्या असत्या तर सरासरी तोटा ६२८ झाला असता. तुलनेने वाचले ते या दोन आकड्यांमधले, साधारण ३५३. जिंकून देणारी साइट काही सापडली नाही, सापडणारही नव्हती. हौशी खेळाडूच्या जिंकलेल्या पैशांवर कॅनडात आयकर नाही, पण या घराला त्या नियमाचा उपयोग करण्याची वेळच आली नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये तो भावाच्या लग्नाला सांगलीला आला. अॅप अर्थातच उघडलं नाही. इथेही चुलतभावाने व्हीपीएनचं नाव काढलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला होता, तेव्हा हे आता दोन्ही देशांच्या नियमांना डिवचणं झालं असतं. गोव्याच्या मांडवी नदीतल्या बोटींवरचा कॅसिनो ही वेगळी बाब, आणि तिकडे जायला त्याला सुट्टी नव्हती.

वेगळं काय करता आलं असतं

प्रांत बदलायचा ठरला त्या दिवशीच शिल्लक काढायला हवी होती, आणि ओळख-तपासणी तर खातं उघडल्याच्या आठवड्यात, पैसे अडकायच्या आधी. विनंती टाकल्यावर अॅप फोनवरून काढून टाकलं असतं तरी ते ६०० राहिले असते. काही साइट 'विनंती कुलूपबंद करा' असा पर्याय देतात. चॅटवर मागितला तर मिळतोही. त्याने मागितला नाही.

तुलना तीन साइटची करावी, पण खातं शेवटी एकच ठेवावं. चाचणी एकामागून एक: पहिलीचे पैसे परत आले की ती बंद, मग दुसरी. दोघांनी तिन्ही एकदम उघडली आणि तिन्हींकडून 'परत या' ऑफर येऊ लागल्या. खाती उघडताना संदेशांच्या संमतीची खूण तशीच राहिली होती, ती काढायला हवी होती.

वाद झाला असता तर क्रम असा: आधी साइटकडे लेखी, तिथे निकाल लागला नाही तर आयगेमिंग ओंटारिओकडे, नियमभंगाची शंका असेल तर एजीसीओकडे. आणि मर्यादा वाढवण्याची विनंती महिन्यात दुसऱ्यांदा टाकावीशी वाटली तर साइट बदलून उपयोग नाही. व्यसन आणि मानसिक आरोग्यासाठीच्या कनेक्सओंटारिओची हेल्पलाइन २४ तास चालू असते, १-८६६-५३१-२६००. तो क्रमांक पत्नीने एक्सेलच्या शेवटच्या रकान्यात लिहून ठेवला आहे.

कुरासाओवाल्या साइटला खातं कायमचं बंद करा म्हणून लिहून दिलं होतं. तिचे एसएमएस अजून येतात, दर वेळी नव्या नंबरवरून.